लॅपटॉपचा आवाज येतो-जातो? दुकानात नेण्याआधी घरी एवढं तपासा

लॅपटॉपचा आवाज कायमचा बंद पडला तर एक वेळ परवडतं. बिघाड समोर दिसतो, दुरुस्त करून मोकळं होता येतं. डोकं फिरवतो तो येणारा-जाणारा आवाज. सकाळी मुलांच्या ऑनलाइन क्लासला ठणठणीत, संध्याकाळी कुवेतहून अब्बूंचा व्हिडिओ कॉल आला की मुका, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेला की परत सुरू! दुकानदार एक तर म्हणतो, "चालतोय की हो," नाहीतर म्हणतो, "मदरबोर्डचं काम दिसतंय, ठेवून जा." पहिल्या उत्तरानं प्रश्न सुटत नाही आणि दुसऱ्यानं खिसा रिकामा होतो.

म्हणून एक गोष्ट आधी लक्षात घ्या. जळालेला स्पीकर परत बोलत नाही. ज्या लॅपटॉपचा आवाज रिस्टार्ट केल्यावर परत येतो, त्याचा स्पीकर आणि आतली साउंड चिप बहुतेक वेळा शाबूत असते. गडबड असते ती विंडोजमध्ये, ड्रायव्हरमध्ये, किंवा आवाज भलत्याच ठिकाणी पाठवला जातोय त्यात. थोड्या केसेसमध्ये हेडफोनचा जॅक किंवा आतली सैल वायर निघते. मदरबोर्डचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

खाली दिलेलं सगळं विंडोज ११ धरून सांगितलं आहे. विंडोज १० मध्येही याच गोष्टी आहेत, फक्त थोड्या वेगळ्या जागी सापडतील. (विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात असू द्या.)

आवाज कधी जातो, ते लिहून ठेवा

दोन-तीन दिवस एका कागदावर नोंद करा. आवाज गेला तेव्हा काय चालू होतं? लॅपटॉप झाकण मिटवून ठेवला होता आणि नुकताच उघडला? इअरबड जोडले होते का? टीव्हीची केबल काढली का? कॉल सुरू झाला त्याच वेळी आवाज पडला का? झाकण मागेपुढे केल्यावर खरखर होते का? आणि परत कशानं आला?

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण अर्धं निदान इथेच होतं. पुढे कुणा जाणकाराला दाखवायची वेळ आली तरी "कधी कधी जातो" यापेक्षा "झोपेतून उठवला की जातो, रिस्टार्ट केला की येतो" हे ऐकून तो पाच मिनिटांत योग्य जागी हात घालेल.

आवाज गेलेला नसतो, दुसरीकडे गेलेला असतो

सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारंही हेच. आधी जोडलेलं ब्लूटूथ उपकरण जवळ चालू झालं की विंडोज त्याला आपणहून जोडून घेतं आणि आवाज तिकडे वळवतं. भाईजान दुसऱ्या खोलीत इअरबड डबीतून काढून कानात घालतो आणि इकडे बहिणीच्या क्लासचा आवाज गायब होतो. तो म्हणतो, मी काही केलं नाही. ती म्हणते, लॅपटॉप बिघडला. दोघंही आपापल्या जागी बरोबर! एकच लॅपटॉप चार जणांत वापरला जातो तिथे हा प्रकार रोजचा आहे.

एचडीएमआय केबलनं टीव्ही किंवा मॉनिटर जोडला की तसंच होतं. आवाज त्या पडद्याकडे जातो. मॉनिटरला स्पीकरच नसेल तर कुठूनच काही ऐकू येत नाही.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा. आवाजाची पट्टी दिसेल, तिच्या बाजूला एक छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की आवाज कुठे कुठे जाऊ शकतो त्याची यादी उघडते. विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबली तरी हीच यादी येते. तिथे लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर निवडा. नावात बहुतेक 'स्पीकर्स' आणि 'रिअलटेक' असतं.

हे करूनही एकाच अ‍ॅपचा आवाज येत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या वाटेनं 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा. विंडोज प्रत्येक अ‍ॅपचा आवाज वेगळा लक्षात ठेवतं. ब्राउझरची पट्टी तिथे शून्यावर गेलेली असली तर बाहेर कितीही आवाज वाढवा, उपयोग नाही. खाली 'रिसेट' आहे, ते दाबलं की सगळं मूळ जागेवर येतं. झूम आणि गुगल मीट यांची तर स्पीकर निवडायची स्वतःची सेटिंग असते. काल इअरबडवर क्लास केला असेल तर आजही ते तिकडेच आवाज पाठवायला बघू शकतं. झूममध्ये माइकच्या चित्राशेजारचा बाण दाबा, स्पीकर निवडा, तिथेच चाचणीही घेता येते. क्रोममध्ये एखादी साईट म्यूट झाली असेल तर वरच्या टॅबवर राईट क्लिक करून पाहा.

कीबोर्डवरचं म्यूटचं बटण तपासायला सांगायची गरज नसावी, पण लहान मुलं असलेल्या घरात ते पहिलं तपासावं.

कॉल आला की बाकीचा आवाज का पडतो?

ही विंडोजची मुद्दाम ठेवलेली सोय आहे. कॉल सुरू आहे असं वाटलं की ते बाकीच्या अ‍ॅपचा आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं, म्हणजे समोरच्याचं बोलणं नीट ऐकू यावं. कल्पना चांगली, पण कॉल संपल्यावर काही वेळा आवाज खालीच राहतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. साउंडच्या पानावर अगदी तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे. त्यातला 'कम्युनिकेशन्स' हा भाग उघडून 'डू नथिंग' निवडा. पुन्हा हा त्रास होणार नाही.

ब्लूटूथ इअरबडची एक वेगळी खोड आहे. गाणं-व्याख्यान ऐकताना आवाज छान, आणि कॉल लागला की जुन्या टेलिफोनसारखा डबक्यातून आल्यागत. कारण पारंपरिक ब्लूटूथवर इअरबडचा माइक चालू झाला की आवाजाची चांगली वाट बंद होते आणि हलक्या दर्जाची 'हँड्स-फ्री' वाट सुरू होते. उपाय सोपा आहे. कॉलच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर म्हणून इअरबड. क्लासमध्ये मुलाला मागच्या आवाजाचा त्रास नसेल तर हेच बरं पडतं.

शट डाउन आणि रिस्टार्ट एक नाही

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे हुशार माणसंही फसतात. लॅपटॉप रात्री बंद केला, सकाळी चालू केला, आवाज नाहीच. म्हणजे बंद-चालू करूनही उपयोग नाही, म्हणजे हार्डवेअरच गेलं, असा हिशोब लावला जातो. तो हिशोब चुकतो. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर साठवले जातात आणि सकाळी तीच अवस्था परत उचलली जाते. रात्री अडकलेला साउंड ड्रायव्हर सकाळी अडकलेलाच उठतो. 'रिस्टार्ट' मात्र सगळं नव्यानं सुरू करतं. म्हणून रिस्टार्टनं आवाज येतो आणि शट डाउननं येत नाही, असं दिसलं तर खुश व्हा; दोष सॉफ्टवेअरचा आहे हे जवळजवळ ठरलं.

फास्ट स्टार्टअप बंद करायला कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' दिसेल. आत गेल्यावर वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा, मग खालची 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' पुढची खूण काढता येते. लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, इतकंच. झाकण उघडल्यावर आवाज जाणाऱ्यांनी काही दिवस स्लीपमध्ये टाकण्याऐवजी पूर्ण बंद करूनही पाहावं.

क्लास चालू आहे आणि रिस्टार्ट करायला वेळ नाही, अशा वेळी एक मधला रस्ता आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' हा शब्द इंग्रजीत टाईप करा. उघडलेल्या लांबलचक यादीत 'विंडोज ऑडिओ' शोधा, त्यावर राईट क्लिक करून 'रिस्टार्ट' दाबा. फक्त आवाजाचं काम करणारा भाग परत सुरू होतो, बाकी काही बंद पडत नाही. फार तर झूममधून बाहेर पडून परत यावं लागेल.

ड्रायव्हरचा मसला

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि साउंड चिप यांच्यामधला दुभाषा. तो बिघडला की दोन्ही बाजू धडधाकट असूनही बोलणं होत नाही. स्टार्टच्या बटणावर राईट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' ही ओळ पसरवा. नावावर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरमध्ये गडबड आहे. खाली वळलेला छोटा बाण असेल तर ते उपकरण कुणीतरी बंद केलंय, राईट क्लिक करून 'एनेबल' करा.

आवाज एखाद्या अपडेटनंतर जायला लागला असेल तर त्या नावाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर' हा भाग उघडा. तिथे 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येत असेल तर दाबा, जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, मात्र ड्रायव्हरही काढून टाकायचा का असं विचारणारी चौकट पहिल्या वेळी रिकामीच ठेवा, आणि रिस्टार्ट करा. विंडोज तो परत बसवून घेतं. एवढ्यानं भागलं नाही तर 'अपडेट ड्रायव्हर' मधून आपल्या संगणकावरची यादी उघडा. त्यात 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' हे नाव दिसलं तर तो मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहे. त्यात जादा करामती नसतात, पण बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर तोच इमानेइतबारे चालतो.

अपडेटमुळे आवाज जाणं ही काही आपल्या घरापुरती गोष्ट नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज अपडेटमधून इंटेलचा चुकीचा ऑडिओ ड्रायव्हर विंडोज १० च्या संगणकांवर गेला आणि त्यांचा आवाज बंद झाला. तो काढणारा अपडेट मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात द्यावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये डिरॅक कंपनीचं ऑडिओ सॉफ्टवेअर असलेल्या काही संगणकांवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती टाकल्यावर स्पीकर आणि हेडसेट दोन्ही मुके झाले, तेव्हा अशा संगणकांना ती आवृत्ती देणंच थांबवलं गेलं. तेव्हा अपडेटच्या दुसऱ्या दिवशी आवाज गेला तर आधी संशय अपडेटवर घ्या, स्पीकरवर नाही.

सेकंडहँड लॅपटॉपवाल्यांसाठी खास. कॉलेजच्या मुलांसाठी आपल्याकडे बरेच जण कंपन्यांमधून निघालेले जुने लॅपटॉप घेतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून तर सर्रास. मशीन मजबूत असतं यात शंका नाही. पण विकणारा डिस्क कोरी करून नवं विंडोज टाकतो आणि त्या मॉडेलचे खास ड्रायव्हर टाकायचं राहून जातं. मग आवाज बारीक येतो, हेडफोन ओळखला जात नाही, किंवा मधेच सगळं बंद. लॅपटॉप उलटा करा. डेलवर 'सर्व्हिस टॅग' आणि एचपी, लेनोवोवर 'सीरियल नंबर' छापलेला असतो. तो त्या कंपनीच्या अधिकृत साईटवर टाकला की नेमक्या त्या मशीनचे ड्रायव्हर मोफत मिळतात.

इथे एक इशारा. शोधताना "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" अशा जाहिराती वरच येतात. त्या प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका. बऱ्याचदा ते ड्रायव्हरपेक्षा भानगडीच जास्त टाकतात. पडद्यावर "तुमच्या संगणकात बिघाड आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट अशी खिडकी उघडून फोन करायला सांगत नाही. आवाज दुरुस्त करून देतो म्हणून कुणी एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला सांगितलं की ताबा त्याच्या हातात जातो, आणि त्याच लॅपटॉपवर घरातल्या कुणाचं तरी नेटबँकिंग उघडं असतं. पैसे गेलेच तर एक क्षण न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

हेडफोनचा जॅक अडकतो तेव्हा

हेडफोनची पिन आत गेल्याचं लॅपटॉपला कसं कळतं? जॅकच्या आत धातूची एक बारीक पट्टी असते, पिन घातली की ती सरकते. ती सरकलेलीच राहिली, किंवा धूळ, दमटपणा, गंज यामुळे चुकीची जोडणी झाली, तर पिन काढल्यावरही लॅपटॉपला वाटतं की हेडफोन लावलेलाच आहे. मग स्पीकर बंद. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओली असते की हा त्रास तिथे जास्त होतो, आणि समुद्राजवळच्या घरांत खारी हवा त्यात भर घालते.

ओळखायचं कसं? काहीही लावलेलं नसताना आवाजाच्या यादीत 'हेडफोन्स' असं नाव दिसतं, किंवा जॅकजवळ बोटानं हलकं दाबलं की आवाज येतो-जातो. लॅपटॉप बंद करून हेडफोनची पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. अडकलेली पट्टी बऱ्याचदा एवढ्यानं सुटते. कॅमेरा साफ करायची रबरी हवेची पिचकारी असेल तर तिनं हवा मारा. सुई, टाचणी, ओला कापूस, तेल यातलं काहीही आत घालू नका. जॅक सुधारत नसेल तर यूएसबीवर चालणारं छोटं साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळतं. ते लावलं की जॅक आणि आतली साउंड चिप दोन्ही बाजूला राहतात आणि हेडफोन किंवा छोटे स्पीकर त्यावर चालतात. पाच-सहा वर्षं जुन्या लॅपटॉपचा जॅक बदलायला पैसे घालण्यापेक्षा हे परवडतं.

स्पीकर खरंच गेलाय का, याचा निकाल

विंडोजला बाजूला ठेवून स्पीकर तपासता आला की वाद मिटतो. अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय कंपनीनंच दिलेली असते. एचपीचा लॅपटॉप चालू करताना एफ२ दाबत राहा, डेलमध्ये एफ१२ दाबून 'डायग्नॉस्टिक्स' निवडा. तिथे ऑडिओची चाचणी असेल तर स्पीकरमधून सूर वाजतात. सूर स्वच्छ ऐकू आले तर स्पीकर, चिप, वायर सगळं ठीक आहे, दोष विंडोजचा.

दुसरा मार्ग, घरात एखादा कॉम्प्युटर शिकणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना सांगा. ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर उबुंटू टाकून लॅपटॉप त्यावरून चालू करायचा आणि 'ट्राय' हा पर्याय निवडायचा. लॅपटॉपवरचं काही पुसलं जात नाही (पेनड्राइव्हवरचं मात्र पुसलं जातं, आधी काढून ठेवा). तिथे अर्धा तास व्हिडिओ चालवून आवाज टिकला, तर हार्डवेअरवर ठपका ठेवायचं कारण उरत नाही.

त्याआधी एक साधी युक्तीही करून पाहा. लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि सगळ्या केबल काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. अडकलेली चिप कधी कधी यानं सुटते.

झाकण हलवलं, लॅपटॉप मांडीवर तिरका केला की खरखर किंवा आवाज बंद होत असेल तर आतली वायर सैल आहे. एकाच बाजूचा स्पीकर फाटल्यासारखा वाजत असेल तर तो स्पीकर गेला. ही दोन्ही कामं दुकानातलीच, पण छोटी आहेत.

दुकानात नेताना

आधी आपले फोटो, कागदपत्रं, मुलांच्या नोट्स यांची कॉपी बाहेर काढा. "विंडोज मारून देतो" हा बऱ्याच ठिकाणी पहिला उपाय असतो आणि त्यात डेटा गेला तर जबाबदारी कुणी घेत नाही. वॉरंटी चालू असेल तर बाहेर कुठे उघडू न देता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. खर्चाचा अंदाज कागदावर मागा, आणि भाग बदलला तर जुना भाग परत मागा. मदरबोर्ड सांगितला तर विचारा, विंडोजच्या बाहेर चाचणी घेतली का? यूएसबी साउंड कार्ड लावून पाहिलं का? या दोन प्रश्नांवर बोलणं बदललं तर दुसरं दुकान शोधा. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि उद्या सकाळीच इंटरव्ह्यू किंवा परीक्षेची तोंडी असेल तर आज रात्री ड्रायव्हरशी खेळत बसू नका. लॅपटॉप रिस्टार्ट करा, ब्लूटूथ बंद करा, घरातल्या सगळ्यांना इअरबड डबीत ठेवायला सांगा आणि वायरचा यूएसबी हेडसेट लावून एक चाचणी कॉल करा. शिवाय मोबाईलवर तेच अ‍ॅप टाकून, लॉगिन करून, चार्ज करून बाजूला ठेवा. ऐनवेळी आवाज गेलाच तर लॅपटॉपवर कॅमेरा चालू ठेवून त्याचा माइक आणि स्पीकर बंद करा, आणि मोबाईलवरून त्याच मीटिंगमध्ये जा. दोन्हीकडचा आवाज एकत्र चालू राहिला तर शिट्टी वाजते, तेवढी काळजी घ्या.